दुसऱ्या श्रेणीच्या गाठींसाठी मिथायलेशन चाचणी: मायक्रोस्कोपवर बसणारीचा अभिप्राय

स्तनाच्या गाठीची श्रेणी ठरवताना मदत व्हावी म्हणून डीएनएवरील मिथायलेशनचा, म्हणजे जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांचा, नमुना वाचणारी एक सशुल्क चाचणी पॅथॉलॉजिस्ट म्हणून गेले वर्षभर मी अधूनमधून मागवत आहे. पॅराफिन ब्लॉकमधून, म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून, कापलेले काही पातळ छेद प्रयोगशाळेकडे पाठवायचे, आणि तिकडून शून्य ते एक यांच्या दरम्यानचा एक निर्देशांक व त्याखाली ‘निम्न श्रेणीसदृश’ किंवा ‘उच्च श्रेणीसदृश’ असा शेरा यायचा, असे तिचे साधे स्वरूप आहे. प्रयोगशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडणार आहे त्यांतल्या काही तिच्या स्वतःच्या असल्या तरी बऱ्याचशा या जातीच्या सगळ्याच चाचण्यांना लागू पडतात.

माझे मत आधीच सांगून टाकते. ईआर पॉझिटिव्ह असलेल्या, म्हणजे जिच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत अशा, दुसऱ्या श्रेणीच्या गाठीत, आणि तेही स्लाइडवरचे काम नीट उरकल्यावर, ही चाचणी मागवण्यासारखी आहे. इतर बहुतेक ठिकाणी ती मागवू नये. तिचा निर्देशांक माझ्या श्रेणीशी जुळला तर त्यातून नवे असे फारसे हाती लागत नाही. जुळला नाही तर मात्र लागते, आणि तिच्यावर केलेला खर्च भरून निघतो तो त्याच वेळी. हे उलटे वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

श्रेणी आणि टप्पा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल हातात आलेले नातेवाईक त्यांची हमखास गल्लत करतात. गाठ केवढी आहे, काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत किंवा त्यापलीकडे पोचली आहे का, हे टप्पा सांगतो. गाठीतल्या पेशी मूळच्या स्तनपेशींपासून रूपाने किती दुरावल्या आहेत आणि किती वेगाने वाढत आहेत, हे श्रेणी सांगते. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे २०१८पासून लागू झालेल्या नियमांत, श्रेणीला टप्प्याच्या हिशेबातही जागा मिळाली. त्यामुळे अहवालात दोनऐवजी तीन लिहिल्याने आता काही रुग्णांचा टप्पाही बदलू शकतो, आणि केमोथेरपी द्यायची की नाही या चर्चेची दिशाही.

ही श्रेणी आजही माणूसच मायक्रोस्कोपखाली ठरवतो. नॉटिंगहॅम पद्धत या नावाने सर्वत्र रुळलेली मांडणी एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी ब्लूम आणि रिचर्डसन यांचे १९५७चे काम आहे. तीन गोष्टींना एक ते तीन गुण द्यायचे: गाठीचा किती भाग अजून नलिका तयार करतो आहे, पेशींची केंद्रके आकाराने आणि रूपाने किती बेढब झाली आहेत, आणि दहा हाय पॉवर फील्डमध्ये (मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळांत) विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशी किती सापडतात. बेरीज तीन ते पाच आली तर पहिली श्रेणी, सहा किंवा सात आली तर दुसरी, आठ किंवा नऊ आली तर तिसरी. नलिकांचे गुण देणे त्यातल्या त्यात सोपे आहे: पाऊण भागाहून अधिक नलिका असल्या तर एक, दहा टक्क्यांहून कमी असल्या तर तीन. केंद्रकांच्या बेढबपणाबाबत शेजारी बसलेल्या सहकाऱ्याशी माझे जेवढे मतभेद होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील.

खरी ओढाताण विभाजने मोजताना होते. माझ्या मायक्रोस्कोपच्या फील्डचा व्यास ०.५० मिलिमीटर आहे. त्यासाठी सातपर्यंत विभाजनांना एक गुण, आठ ते चौदांना दोन आणि पंधरापासून पुढे तीन, असा तक्ता आहे. आता समजा नलिकांना तीन आणि केंद्रकांना दोन गुण दिले आहेत. चौदा विभाजने सापडली तर बेरीज सात, म्हणजे दुसरी श्रेणी; पंधरावे सापडले की बेरीज आठ, म्हणजे तिसरी. हे पंधरावे म्हणजे बहुधा एक काळपट, गोळा झालेले केंद्रक असते. भोवतीचे पेशीद्रव्य आक्रसलेले आणि गडद गुलाबी असेल, केंद्रकाच्या कडा गुळगुळीत असतील, तर ती मरणारी पेशी, मोजायची नाही. केंद्रकाचे आवरण नाहीसे झाले असेल आणि गुठळीच्या कडेला बारीक केसांसारखी टोके दिसत असतील, तर ते विभाजन, मोजायचे. फोकसचे चाक मागेपुढे करत एकाच ठिपक्यावर दोन मिनिटे घालवावीत आणि तरीही खात्री होऊ नये, असे प्रसंग येतात. त्या ठिपक्यावर एका बाईचे उपचार अवलंबून आहेत हे मनात आले, की दुसरे काही साधन असावे असे कुणालाही वाटेल.

ते साधन शोधण्याची दिशा २००६मध्ये सापडली होती. सोतिरिऊ आणि सहकाऱ्यांनी ९७ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून, म्हणजे ती किती जोमाने चालू आहेत यावरून, ‘जीनोमिक ग्रेड इंडेक्स’ मांडला आणि दाखवले, की दुसऱ्या श्रेणीच्या बऱ्याचशा गाठी जनुकांच्या पातळीवर पहिलीसारख्या तरी वागतात किंवा तिसरीसारख्या तरी. म्हणजे मधली श्रेणी हा बऱ्याच प्रमाणात आमच्या डोळ्यांना न सुटलेला गुंता आहे. मी वापरत असलेली चाचणी याच कल्पनेची एपिजेनेटिक आवृत्ती आहे.

डीएनएच्या अक्षरांचा क्रम न बदलता एखादे जनुक चालू राहील की बंद, हे ठरवणाऱ्या खुणांना एपिजेनेटिक खुणा म्हणतात. त्यांतली सर्वांत पक्की खूण म्हणजे मिथायलेशन: सायटोसिन या अक्षराला, त्याच्या पुढे ग्वानिन असताना, एक छोटासा मिथाइल गट चिकटतो. मानवी जनुकसंचात अशा जोड्या सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. कर्करोगात दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी घडतात. एकंदर जनुकसंचावरचे मिथायलेशन घटते, हे फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी १९८३मध्येच नोंदवले होते. आणि त्याच वेळी काही जनुकांच्या सुरुवातीच्या भागात ते बेसुमार वाढते व जनुक गप्प होते. स्तनाच्या गाठींत आरएएसएसएफ१ए हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारे जनुक असे वारंवार बंद पडलेले दिसते. बीआरसीए१ हे जनुकदेखील उत्परिवर्तन न होता केवळ मिथायलेशनने बंद पडू शकते.

मिथायलेशनखेरीज इतर खुणाही श्रेणीशी जोडून पाहिल्या गेल्या आहेत. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या सात खुणा नॉटिंगहॅममध्येच ८८० गाठींवर तपासल्या गेल्या. २००९च्या त्या अभ्यासात या खुणा फिक्या पडलेल्या गाठी अधिक वाईट वळणाच्या निघाल्या. ईझेडएच२ या विकराचे प्रमाण आक्रमक, कमी विकसित गाठींत वाढते, हे २००३पासून माहीत आहे. पण इथे एक मजेशीर पेच आहे: हा विकर हिस्टोनवर जी खूण उमटवतो, ती खूण मात्र वाईट गाठींत कमी झालेली आढळते. लेखणी वाढली आणि लिखाण घटले, असा हा प्रकार आहे. त्यात हिस्टोनच्या खुणा अँटिबॉडीने रंगवून डोळ्यांनी मोजाव्या लागतात, म्हणजे पुन्हा माझ्याच डोळ्यांवर भिस्त. म्हणून प्रयोगशाळांनी मिथायलेशनची वाट धरली ते मला पटते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या आणि पॅराफिनमध्ये बसवलेल्या ऊतीत, जनुकांची अभिव्यक्ती ज्यावरून मोजतात त्या आरएनएचा भुगा होतो. डीएनएचेही तुकडे होतात, पण त्याला चिकटलेला मिथाइल गट बऱ्यापैकी तग धरतो.

मोजणीची रीत अशी. काढलेल्या डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. मिथाइल गट नसलेले सायटोसिन त्यात बदलून युरॅसिल होते आणि पुढे थायमिन म्हणून वाचले जाते. मिथाइल गट असलेले तसेच राहते. म्हणजे जी खूण अक्षरांत दिसत नव्हती ती आता अक्षरांत दिसू लागते. ही प्रक्रिया तशी क्रूर आहे, आधीच तुटलेल्या डीएनएचे ती आणखी तुकडे करते, आणि म्हणून सुईच्या बायोप्सीतला चिमूटभर नमुना पुष्कळदा अपुरा ठरतो. मग डीएनएवरच्या लाखो जागा एकदम वाचणाऱ्या चिपवर एकेका जागी मिथायलेशन किती आहे हे शून्य ते एक या मापात वाचले जाते. २०११च्या सुमारास आलेल्या चिपवर अशा साडेचार लाखांहून अधिक जागा होत्या, नंतरच्या चिपवर साडेआठ लाखांहून अधिक, आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर नऊ लाखांहून अधिक. या गर्दीतून निवडक जागांचे आकडे घेऊन गणिती प्रारूप आपला निर्देशांक काढते.

आता प्रत्यक्ष अनुभव. कोणत्याही नव्या चाचणीवर विसंबण्याआधी ज्यांचे उत्तर मला ठाऊक आहे असे नमुने मी पाठवते, तसे याही वेळी पाठवले. त्यांतली एक गाठ निःसंशय तिसऱ्या श्रेणीची होती: नलिका जवळजवळ नाहीत, केंद्रके वेडीवाकडी, विभाजने प्रत्येक फील्डमध्ये. तिचा अहवाल ‘निम्न श्रेणीसदृश’ असा आला. मी स्लाइड पुन्हा काढली, तर गाठीच्या पेशींभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची दाट गर्दी होती आणि छेदाचा मोठा भाग तंतुमय ऊतीचा होता. स्लाइडवर मी काळ्या मार्करने गाठीचा भाग आखून पाठवला होता. प्रयोगशाळेने ती रेघ न पाहता सबंध छेद खरवडून डीएनए काढला होता. लिम्फोसाइट पेशींचे मिथायलेशन निरोगी रक्तपेशींचेच असते, ते गाठीच्या नमुन्यात मिसळले की निर्देशांक खाली ओढला जातो. अहवालात गाठीच्या पेशींचे प्रमाण किती होते याचा उल्लेखच नव्हता. तक्रार केल्यावर त्यांनी आखलेला भाग तेवढाच खरवडून चाचणी विनाशुल्क पुन्हा केली, आणि निर्देशांक उच्च बाजूला गेला. चूक मान्य करण्याचा त्यांचा सूर सभ्य होता, हे नोंदवायला हवे. पण ही गाठ दुसऱ्या श्रेणीची असती, तर मला शंका आलीच नसती आणि तो चुकीचा अहवाल फाइलमध्ये बिनबोभाट जाऊन बसला असता.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे, आणि माझे मत मुख्यतः त्यावरून बनले. ईआर पॉझिटिव्ह गाठ, नलिकांना तीन, केंद्रकांना दोन, विभाजनांना एक, बेरीज सहा. निर्देशांक आला तो एकाच्या अगदी जवळचा. पहिल्या अहवालाच्या अनुभवामुळे माझा कल चाचणीलाच दोष देण्याकडे होता. तरी स्लाइडचा ट्रे पुन्हा काढला. लक्षात आले ते असे, की विभाजने मी ज्या स्लाइडवर मोजली होती ती गाठीच्या मध्यभागातून घेतलेल्या ब्लॉकची होती. विभाजने मोजायची ती गाठीच्या वाढत्या कडेला, जिथे ती सर्वांत जास्त दिसतात तिथे, हा नियम प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी पाठ केलेला असतो. शिवाय तो नमुना न कापता तसाच अख्खा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला होता. फॉर्मॅलिन ऊतीत हळूहळू, तासाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने शिरते. ते आत पोचेपर्यंत मधल्या पेशी कुजू लागतात आणि विभाजने ओळखता येईनाशी होतात. कडेच्या ब्लॉकची स्लाइड लावली, दहा फील्ड मोजली, आणि विभाजने पंधराच्या बरीच पुढे गेली. श्रेणी तिसरी झाली. अहवालात मी ती तिसरी लिहिली ती कडेच्या ब्लॉकवरच्या मोजणीच्या आधारे. निर्देशांकाचा आधार त्यात घेतला नाही. पण त्या निर्देशांकाने मला ट्रेकडे परत पाठवले नसते, तर मी ती मोजणी केलीच नसती.

जुळणारा निर्देशांक कमी बोलतो असे मी वर म्हटले, त्याचे कारण प्रयोगशाळेने माझ्या पहिल्याच प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आहे. प्रारूप कशावर शिकवले, असे मी विचारले होते. उत्तर आले, की पॅथॉलॉजिस्टनी पहिल्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या म्हणून नोंदवलेल्या गाठींवर. म्हणजे हा विद्यार्थी आमच्याच हातचे गुण पाहून शिकला आहे. त्याने आमच्याशी सहमत व्हावे यात नवल नाही आणि पुरावाही नाही. शिकवणाऱ्याच्या सवयी, चुकांसकट, त्याच्यातही उतरलेल्या असणार. त्याचा वेगळेपणा एवढाच, की मी ज्या दहा फील्डमध्ये पाहते तिथे न पाहता तो खरवडलेल्या सगळ्या पेशींचा मिळून एक आवाज ऐकतो. म्हणून त्याचे असहमत होणे हे दुसऱ्या ठिकाणाहून आलेले साक्षीदाराचे म्हणणे ठरते, आणि ते तपासण्याजोगे असते. श्रेणीऐवजी रुग्णांच्या पुढच्या वाटचालीवर, म्हणजे कर्करोग उलटला की नाही यावर, प्रारूप शिकवले असते तर गोष्ट वेगळी होती. तशा एपिजेनेटिक चाचण्या अगदीच नाहीत असे नाही: पीआयटीएक्स२ या जनुकाच्या मिथायलेशनवरून अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोथेरपीचा परिणाम अजमावणारी चाचणी तयार झालेली आहे. पण ती श्रेणीविषयी काही सांगत नाही, आणि श्रेणीची चाचणी उपचारांविषयी थेट काही सांगत नाही. अहवाल वाचणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाने ही सरमिसळ करू नये म्हणून प्रयोगशाळेने पहिल्या पानावर तसे ठळक लिहायला हवे. सध्या ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे.

माझा दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा ठरला. तिसऱ्या श्रेणीच्या गाठींत ईआर निगेटिव्ह गाठींचे प्रमाण मोठे असते, तर पहिल्या श्रेणीच्या गाठी बहुतेक सगळ्या ईआर पॉझिटिव्ह असतात. आणि मिथायलेशनचा नमुना सर्वांत ठळकपणे बदलतो तो गाठीच्या प्रकारानुसार. २०१२मध्ये कॅन्सर जीनोम अॅटलसने प्रसिद्ध केलेल्या स्तनकर्करोगाच्या अभ्यासातही ल्युमिनल बी (ईआर पॉझिटिव्ह, पण वेगाने वाढणाऱ्या) गाठींकडे झुकणारा एक गट अतिमिथायलेटेड निघाला, तर बेसल (बहुधा ईआर निगेटिव्ह) प्रकारच्या गाठींत मिथायलेशन कमी होते. मग पहिली आणि तिसरी श्रेणी वेगळी ओळखतो असे सांगणारा निर्देशांक प्रत्यक्षात ईआर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एवढेच ओळखत नसेल कशावरून? ते तर मला काही तासांत एका साध्या रंगाने कळते. यावर एकच तपासणी आहे: केवळ ईआर पॉझिटिव्ह गाठी घ्या आणि त्यांच्यात हा निर्देशांक पहिली व तिसरी श्रेणी वेगळी करतो का ते दाखवा. हे विश्लेषण मागितल्यावर आधी मला रंगीत माहितीपत्रक आले, मग पुन्हा मागितल्यावर एका शास्त्रज्ञाचा फोन आला आणि त्यानंतर आकडे आले. ईआर पॉझिटिव्ह गाठींत वेगळेपणा टिकून होता, पण माहितीपत्रकातल्या आलेखाइतका झगझगीत नव्हता. माझ्या मते माहितीपत्रकात तोच आलेख छापायला हवा होता.

वयाचाही असाच प्रश्न आहे. मिथायलेशन वयानुसार इतके नियमाने बदलते, की होर्व्हाथ यांनी २०१३मध्ये ३५३ जागांवरून माणसाचे वय सांगणारे ‘घड्याळ’ बनवले. पन्नाशीच्या आणि पंचाहत्तरीच्या स्त्रीचे निर्देशांक शेजारी ठेवताना वयाचा हिशेब वजा केला आहे का, हे अहवालात असायला हवे. या प्रयोगशाळेने तो केलेला आहे आणि तसे लिहिलेलेही आहे. त्याबद्दल गुण द्यायलाच हवेत.

चिपच्या आवृत्तीबाबत मात्र गुण कापते. वर्षाच्या मध्यावर अहवालाचा नमुना बदलला आणि निर्देशांकाची सीमारेषाही किंचित सरकली. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांनी नवी चिप घेतली होती. जुन्या चिपवरच्या काही जागा नव्या चिपवर नसतात, त्यामुळे प्रारूप पुन्हा जुळवावे लागणे स्वाभाविक आहे. पण ते ग्राहकाला आधी कळवायचे असते. जानेवारीतला ०.५५ आणि ऑगस्टमधला ०.५५ एकच आहेत का, हे मला अहवालावरून कळले पाहिजे, आणि त्यासाठी प्रारूपाची आवृत्ती प्रत्येक अहवालावर छापणे एवढे साधे काम पुरेसे आहे.

त्याहून मोठी माझी तक्रार शेऱ्याविषयी आहे. निर्देशांक ०.४८ असो वा ०.०५, दोन्हींखाली ‘निम्न श्रेणीसदृश’ हेच शब्द येतात. गुंता सोडवण्यासाठी बनवलेल्या चाचणीने आपला स्वतःचा गुंता असा लपवावा, हे बरे नाही. एका गाठीत अर्धा भाग सुबक नलिकांचा होता आणि अर्धा भाग नलिका नसलेला, गच्च. तिचा निर्देशांक बरोबर मध्ये आला. तो चुकीचा म्हणता येणार नाही, कारण दोन्ही भाग एकत्र खरवडले की सरासरी मध्येच येणार. काही गाठी खरोखरच मधल्या असतात, किंवा दोन गाठी एकीत नांदत असतात, आणि तिथे ‘अनिर्णित’ हा शेरा प्रामाणिक ठरला असता.

कुठे पाठवू नये, हेही थोडक्यात. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे ग्राही नसलेल्या आणि एचईआर२ हे वाढीला चालना देणारे प्रथिन वाढलेले नसलेल्या, गाठी बहुसंख्येने तिसऱ्या श्रेणीच्याच असतात. तिथे निर्देशांक कोणता निर्णय बदलणार? लोब्युलर या वेगळ्या प्रकारच्या गाठी नलिका बनवतच नाहीत, त्यामुळे त्यांना नलिकांचे तीन गुण आपसूक मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या श्रेणीत येऊन पडतात. त्यांच्यासाठी चाचणीचा मोह होतो, पण प्रारूप शिकवताना त्या फारच थोड्या होत्या असे प्रयोगशाळेनेच सांगितले. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी झालेल्या गाठींत पेशींचे रूप आणि गर्दी दोन्ही बदललेली असतात, तिथेही नको.

पैसे एकाच चाचणीवर खर्च करायचे असतील तर कोणती, असा प्रश्न कर्करोगतज्ज्ञ विचारतात. ईआर पॉझिटिव्ह, एचईआर२ निगेटिव्ह आजारात केमोथेरपीचा निर्णय करायचा असेल, तर माझे उत्तर ही चाचणी नव्हे. २१ जनुकांच्या चाचणीमागे २०१८चा टेलरएक्स हा रुग्णांवरचा अभ्यास उभा आहे, ज्यात दहा हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी होत्या. ७० जनुकांच्या चाचणीमागे ६,६९३ स्त्रियांचा माइंडॅक्ट हा अभ्यास आहे. त्यांत ठरावीक रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागून, पुढे वर्षानुवर्षे पाहून उत्तर काढले गेले. मिथायलेशनवरून श्रेणी सांगणाऱ्या चाचणीमागे त्या तोडीचा पुरावा नाही. विक्रीप्रतिनिधी यावर मेंदूच्या गाठींचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खरे आहे: २०१८मध्ये मिथायलेशनवर आधारित वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मिथायलेशनला मानाचे स्थान मिळाले. पण तिथे प्रश्न ‘ही गाठ कोणत्या प्रकारची’ असा होता, आणि प्रकार ही पेशीच्या उगमाची ओळख मिथायलेशनमध्ये घट्ट कोरलेली असते. श्रेणीचा प्रश्न ‘ही गाठ किती वेगाने बिघडते आहे’ असा आहे. एका प्रश्नातले यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

सेवेची बाकी बाजू समाधानकारक आहे. छेद पाठवण्याच्या सूचना नेटक्या आहेत, नमुना पोचल्याचे त्याच दिवशी कळते, डीएनए अपुरा निघाला तर शुल्क आकारण्याआधी फोन येतो, आणि सांगितलेली मुदत आतापर्यंत एकदाच चुकली. ब्लॉकच मागत नाहीत, छेद मागतात, हे मला विशेष आवडले; एकदा बाहेर गेलेला ब्लॉक परत येईपर्यंत पॅथॉलॉजिस्टच्या जिवाला चैन नसते.

या सगळ्यानंतर पाचपैकी तीन तारे देते. अहवालावर गाठीच्या पेशींचे प्रमाण आणि प्रारूपाची आवृत्ती छापली, आणि मधल्या निर्देशांकांसाठी ‘अनिर्णित’ हा शेरा सुरू केला, तर चौथा द्यायला हरकत नाही. तोवर छेद पाठवताना मी दोन गोष्टी करते. गाठीचा भाग आखलेल्या स्लाइडबरोबर ‘फक्त रेघेच्या आतले’ अशी लाल शाईतली चिठ्ठी जोडते. आणि पाकीट बंद करण्याआधी नलिका, केंद्रके व विभाजने यांचे तिन्ही गुण, ब्लॉकच्या क्रमांकासह, नोंदवून त्याखाली सही करते, म्हणजे निर्देशांक आल्यावर माझा आकडा सरकला तर तो कोणत्या स्लाइडमुळे सरकला हे मला लिहावे लागते.